पाठीवरचा कारकून

मला तलवारींचे फोटो येतात. कुणाच्या आतेभावाचे, कुणाच्या ऑफिसमधल्या साहेबांचे, कधी अगदी अनोळखी नंबरवरून, "तुम्ही जर्मनीत असता ना, तुम्हाला त्यातलं कळतं असं ऐकलं" एवढ्या ओळखीवर. आणि फोटो बघावा तर नेहमी एकाच जागेचा, मुठीवरचा सिंह, नाहीतर पात्यावरचं झकास नक्षीकाम, वेलबुट्टी, मुकुट, एखादं लॅटिन वाक्य, आणि खाली प्रश्न की कोणत्या राजाची असेल आणि किती जुनी. मी प्रत्येकाला एकच उत्तर टाकतो, पाठीचा फोटो पाठवा. म्हणजे धारेच्या विरुद्धची जाड बाजू, मुठीपासून वीतभर, आणि जमलं तर मोबाईलचा टॉर्च आडवा धरून. बरेच लोक तिथेच गप्प होतात, त्यांना वाटतं हा टाळतोय.

टाळत नसतो हो. युरोपातल्या लष्करी तलवारींच्या नादाला लागल्यापासून माझं एक मत घट्ट होत गेलंय की तलवारीवर जे मिरवायला लिहिलेलं असतं त्यावर फार विश्वास ठेवू नये, आणि जे हिशोबाला लिहिलेलं असतं ते डोळे झाकून नाही पण निम्मे झाकून मानायला हरकत नाही. मी पोटापाण्यासाठी क्वालिटी इन्स्पेक्शनमध्ये आहे, दिवसभर पार्टवरचे शिक्के बघतो, त्यामुळे हे मत झालं असेल असं बायको म्हणते. असेलही.

आता मिरवायचं म्हणजे काय ते बघा. सगळ्यात प्रसिद्ध खूण म्हणजे धावता लांडगा. पात्यावर छिन्नीनं मारलेल्या चार-सहा रेघा, कधी त्यात पितळ भरलेलं, आणि बघणाऱ्यानं आपल्या मनानं त्यात लांडगा पाहायचा, खरं सांगायचं तर पुष्कळदा ते कुत्रंही वाटत नाही. ही मुळात पासाऊ या गावाची खूण, डॅन्यूबकाठचं गाव, मध्ययुगात तिथली पाती नावाजलेली. मग सोलिंगेन नावाच्या जर्मन गावातल्या लोहारांनी तीच खूण आपल्या पात्यांवर मारायला सुरुवात केली, कारण गिऱ्हाईक लांडगा बघून पैसे मोजत होतं. पुढे कॉकेशसच्या डोंगरातले लोहारसुद्धा लांडगा मारायला लागले. म्हणजे लांडगा दिसला की आपण एवढंच म्हणायचं, की पातं बनवणाऱ्याला ते चांगलं विकलं जावं असं वाटत होतं. लांडग्याशेजारी कधीकधी १४१४ असा आकडाही असतो, आणि तो बघून माणसं हरखतात, सहाशे वर्षं जुनी म्हणून! ते साल नव्हे. असे आकडे मंतरलेले, शुभ समजून मारले जायचे आणि ते असलेली कितीतरी पाती सतराव्या शतकातली निघतात.

आंद्रेआ फेरारा हे आणखी एक प्रकरण. हा खराखुरा माणूस होता, सोळाव्या शतकातला, उत्तर इटलीत बेल्लुनोला त्याची भट्टी. स्कॉटलंडच्या लोकांना त्याचं नाव इतकं आवडलं की पुढची दोनशे वर्षं त्यांच्या रुंद पात्याच्या तलवारींवर हे नाव येतच राहिलं, आंद्रिया, आंड्रेया, फरारा, फेरारा, जसं सुचेल तसं स्पेलिंग. यातली बरीचशी पाती सोलिंगेनची. कारागिराला इटालियन येत नव्हतं, त्यानं ऑर्डरप्रमाणे अक्षरं ठोकली, विषय संपला. जिनोव्हाच्या पात्यांवरच्या दातेरी चंद्रकोरींचंही तेच, दोन कोयते समोरासमोर ठेवल्यासारखी ती खूण आपल्याकडच्या लोहारांनीपण उचलली, आणि आज ती खूण असलेलं पातं युरोपातलं की इथलं हे नुसत्या खुणेवरून कुणी ठामपणे सांगत असेल तर त्याला चहा पाजावा आणि विषय बदलावा. टोलेडो हे तलवारींसाठी नावाजलेलं स्पेनमधलं गाव, त्याचं नाव तर काय, टोलेडो न बघितलेल्या पात्यांवरही टोलेडो असतं. एक स्पॅनिश वाक्य मला मनापासून आवडतं, "कारणाशिवाय उपसू नकोस, मान राखल्याशिवाय म्यान करू नकोस" अशा अर्थाचं, पण तेही इतक्या पात्यांवर आहे की त्यावरून मालक, गाव, साल काही म्हणजे काही कळत नाही.

सोलिंगेन माझ्या घरापासून लांब नाही. ड्युसेलडॉर्फहून एस-वन लोकल पकडायची की गाडी शेवटी सोलिंगेनलाच जाते, आणि तिथे उतरून ट्रॉलीबस, हो, वरच्या तारांना दांड्या लावून चालणारी बस तिथे अजून आहे. ग्रेफ्राथ नावाच्या भागात जुन्या मठाच्या इमारतीत पात्यांचं म्युझियम आहे, आत चमचे-सुऱ्यांपासून जल्लादाच्या तलवारीपर्यंत सगळं. आपल्याकडे जुन्या न्हाव्यांच्या वस्तऱ्यावर "सोलिंगेन" असायचं ते हेच. गावाचं नाव एवढं चालायचं की १९३८ साली कायदाच करावा लागला की सोलिंगेनमध्ये न बनलेल्या मालावर सोलिंगेन लिहायचं नाही. ज्या गावानं दुसऱ्यांच्या खुणा इतकी शतकं आरामात वापरल्या त्या गावानं हा कायदा मिळवला, मला तरी हसू येतं.

पण गाव ग्रेट आहे. तिथे एक माणूस अख्खी तलवार बनवतच नव्हता. घडवणारे वेगळे, पाणी देणारे वेगळे, वुपर नदीच्या काठी पाणचक्कीवर घासणारे वेगळे आणि मूठ-म्यान बसवून विकायला तयार करणारे वेगळे, त्यांचे संघही वेगवेगळे, आणि कारागिरानं शपथ घ्यायची की ही विद्या घेऊन गावाबाहेर जाणार नाही. आता शपथ घ्यायला लावावी लागते याचाच अर्थ लोक जात होते. १६२९ च्या सुमाराला काही जण लंडनजवळ हाऊन्सलोला गेले. १६८७ च्या आसपास काही कुटुंबं इंग्लंडच्या उत्तरेला शॉटली ब्रिजला गेली. १७३० मध्ये फ्रान्सच्या पंधराव्या लुईनं अल्सेसमध्ये क्लिंगेंथालचा कारखाना काढला तो सोलिंगेनची माणसं नेऊनच. आणि १८१५ ला रशियानं उरल डोंगरात झ्लाटाऊस्टला शस्त्रांचा कारखाना सुरू केला तिथेही हेच जर्मन उस्ताद. म्हणजे रशियन तलवार, फ्रेंच तलवार, इंग्लिश तलवार म्हणून आपण जे वेगळं करतो त्यातल्या कितीतरी जणींचं माहेर एकच. पोलादाकडे नुसतं बघून देश ओळखता येईल ही आशा तिथेच सोडून द्यायची.

मग ओळखायचं कसं? इथे सरकार मदतीला येतं. अठराव्या शतकाच्या शेवटी लष्करं प्रचंड वाढली, राजे हजारांच्या भावात तलवारी घ्यायला लागले, आणि हजारांच्या भावात खरेदी आली की तिच्यामागून कारकून येतोच. कुणी बनवली, कुणी तपासली, कोणत्या महिन्यात, कोणत्या रेजिमेंटला दिली, हरवली तर कुणाच्या पगारातून कापायची. या माणसाला तलवारीच्या शौर्याबिर्याशी देणंघेणं नाही, त्याला स्टॉक जुळवायचाय. आणि तो खोटं कशाला लिहील? (लिहायचाही, पण ते पैशात, पात्यावर नाही.)

फ्रेंच कारकून माझा सगळ्यात लाडका. इकडे रविवारी जुना बाजार भरतो तिथे एकाच्या टेबलावर तांब्याच्या किटल्या आणि बाहुल्यांच्या मधे एक घोडदळाची वाकडी तलवार होती, पितळी मूठ, परजाच्या, म्हणजे हात वाचवणाऱ्या कठड्याच्या, तीन फांद्या, लोखंडी म्यान. विकणारा म्हणाला १८२२ ची आहे, लिहिलंय बघ. मी तलवारीची पाठ वर केली आणि टॉर्च आडवा धरला. गंजाच्या पिंगट डागांमधून तिरप्या, वळणदार अक्षरात, म्हणजे अक्षरशः एखाद्या शाळामास्तरचं हस्ताक्षर असावं तसं, बारीक कोरलेलं होतं: मॅन्युफॅक्चर, वर छोटी अक्षरं, मग इम्पेरियल याचा संक्षेप, मग शातेल्लरो, मग "८ब्र १८५५", आणि शेवटी हलकं घोडदळ, मॉडेल १८२२.

आता हे एकेक वाचायचं. मॉडेल १८२२ हे डिझाइनचं नाव, ते डिझाइन फ्रान्सनं पुढे साठेक वर्षं सोडलं नाही, त्यामुळे तो आकडा जन्मसाल धरायचा नाही. जन्मसाल १८५५. "८ब्र" हा महिना, आणि इथे भलेभले ऑगस्ट म्हणतात, पण फ्रेंच कारकून ऑक्टोबरमधला "ऑक्टो" म्हणजे लॅटिन आठ हे धरून ८ लिहायचा, तसाच ७ब्र म्हणजे सप्टेंबर, ९ब्र नोव्हेंबर, आणि डिसेंबरला रोमन दहाचा एक्स. वेळ वाचवायचा धंदा. शातेल्लरो हा कारखाना १८१९ मध्ये निघाला, कारण क्लिंगेंथाल ऱ्हाईनच्या फार जवळ, उद्या जर्मन फौजा नदी ओलांडून आल्या तर तलवारींचा कारखानाच हातचा जाणार, म्हणून १८३० च्या दशकात सरकारी काम तिथून हलवून फ्रान्सच्या आत नेलं. त्यामुळे पाठीवर क्लिंगेंथाल की शातेल्लरो एवढ्यावरूनसुद्धा ढोबळ काळ लागतो.

आणि खरी मजा त्या मधल्या शब्दात. इम्पेरियल. या एका शब्दात फ्रान्सचं अख्खं एकोणिसावं शतक आहे. नेपोलियनच्या काळातल्या पात्यावर इम्पेरियल. १८१४ नंतर बुर्बों राजे परत आले की रॉयल. मधेच नेपोलियन एल्बाहून पळून येतो तेव्हा शंभर दिवस परत इम्पेरियल, मग वॉटर्लू, परत रॉयल. १८४८ ला क्रांती झाली, राजा पळाला, नॅशनल. १८५२ च्या डिसेंबरात पुतण्या तिसरा नेपोलियन म्हणून गादीवर, इम्पेरियल. १८७० ला सेडानला तो पकडला गेला, नॅशनल. आणि कारखान्यातला तो कोरणारा माणूस तोच असेल हो, तोच बाक, तीच खिडकी, वरून कागद आला की उद्यापासून हा शब्द बदला. सरकारं बदलल्यावर आपल्याकडे योजनांच्या पाट्या बदलतात तेव्हा मला हटकून तो आठवतो.

तर त्या जुन्या बाजारातली तलवार ऑक्टोबर १८५५ ची. क्रिमियाच्या युद्धात फ्रेंच-इंग्रजांनी वेढलेलं रशियाचं सेव्हास्तोपोल पडलं सप्टेंबर १८५५ ला. म्हणजे तिला क्रिमियाच्या त्या वेढ्यात घालायचा मोह झाला तरी घालता येत नाही, एक महिना उशीर झाला. मिरवणाऱ्या अक्षरांनी कधी एवढं बारीक सांगितलंय का? मुठीजवळ पात्यावर दोन गोल छोटे शिक्के होते, आत एकेक अक्षर, ते तपासनीस अधिकाऱ्यांचे. आणि परजावर एक नंबर, म्यानाच्या तोंडाशी दुसराच नंबर. म्हणजे तलवार एका शिपायाची, म्यान दुसऱ्याचं, कधीतरी कुठेतरी घाईत अदलाबदल झाली. विकणाऱ्याला मी हे सांगितलं तर तो खूश होण्याऐवजी वैतागला, कारण नंबर जुळत नसले की किंमत पडते.

जर्मन कारकून शिस्तीचा. प्रशियाच्या तलवारीच्या पाठीवर मुकुट, त्याखाली राजाच्या नावाचं अक्षर आणि त्याखाली सालाचे शेवटचे दोन आकडे. परजावर किंवा म्यानावर युनिटचा शिक्का, समजा "१३. यू. २. ४५." म्हणजे तेरावी उलान, भालेवाल्या घोडदळाची रेजिमेंट, दुसरा स्क्वाड्रन, पंचेचाळीस नंबरचं शस्त्र. एच असेल तर हुसार, म्हणजे हलकं घोडदळ, के असेल तर क्युरासिए, छातीवर चिलखत घालणारं जड घोडदळ. तक्ते मिळतात, बसून लावायचं, रेल्वेचं टाइमटेबल वाचता येत असेल तर हेही येतं. एकच गंमत आहे, डब्ल्यू आणि खाली ८८ असं असलं की विचारायचं, हा विल्हेल्म आजोबा की नातू? १८८८ मध्ये मार्चला आजोबा गेले, जूनला मुलगा गेला, आणि नातू गादीवर बसला, त्याचंही नाव विल्हेल्म. शिक्का तोच चालला, खर्च वाचला. कंपन्यांचे शिक्के वेगळे, ते मात्र सुंदर असतात, आइकहॉर्नची खार, वायर्सबर्गचं राजाचं डोकं, किर्शबाउमचं शिरस्त्राण, आणि १८८३ ला हे शेवटचे दोघे एकत्र आले तेव्हा डोकं आणि शिरस्त्राण शेजारी शेजारी. एका पात्यावर दोन्ही दिसलं की ते १८८३ च्या आधीचं नाही, विषय क्लिअर.

इंग्रजांकडे जरा गोंधळ, कारण तिथे शिपायाची तलवार सरकारी आणि अधिकाऱ्याची स्वतःच्या खिशातली. शिपायाच्या तलवारीवर शिक्क्यांची गर्दी, मुकुटाखाली तपासनिसाचा नंबर, सरकारी मालमत्तेचा रुंद बाण, वाकवून बघितल्याची फुली. आणि सरकारनं ती भंगारात किंवा लिलावात काढली की दुसरा बाण पहिल्याच्या टोकाला टोक लावून मारायचा. हा शिक्का मला फार करुण वाटतो, पण असो. बाणाबरोबर आय असलं तर माल हिंदुस्थान सरकारचा.

पात्यांच्या दर्जावरून तिथे मोठी भांडणं झाली आहेत आणि त्यात आपणही आहोत एका अर्थी, कारण १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं घोडदळासाठी दहा हजार तलवारींची ऑर्डर काढली आणि इंग्लिश व जर्मन कारखानदारांना वाटून दिली. पातं वाकवायचं, सोडलं की सरळ झालं पाहिजे, अशी चाचणी. बर्मिंगहॅमचा थॉमस गिल यात भारी पडला आणि मग त्याच्या पात्यांवर अक्षरं यायला लागली, "कधीही दगा न देण्याची हमी". ही जाहिरात आहे, पण निदान चाचणी देऊन मिळवलेली. तरीही पुढे लंडनचा रुंकेल नावाचा व्यापारी सोलिंगेनहून पाती आणून इंग्लिश अधिकाऱ्यांना विकतच राहिला, नावासकट, पाठीवर "जे. जे. रुंकेल सोलिंगेन" असं स्वच्छ. म्हणून इंग्लिश मूठ, इंग्लिश राजाचं अक्षर, आणि पातं जर्मन, हे नेपोलियनच्या काळात अगदी नेहमीचं.

अधिकाऱ्यांच्या तलवारींवर राजाची अक्षरं असतात ती काळ सांगायला बरी, जीआर म्हणजे कुणीतरी जॉर्ज, डब्ल्यूआर म्हणजे १८३० ते ३७ चा विल्यम, व्हीआर म्हणजे व्हिक्टोरिया आणि मग पुढची चौसष्ट वर्षं शोधत बसा. कंपनी सरकारचा अधिकारी असेल तर मुकुट धरलेला उभा सिंह. लंडनच्या विल्किन्सन कंपनीच्या तलवारीवर मुठीपाशी सहा टोकांची चांदणी कोरलेली असते आणि तिच्या मधोमध पितळेची टिकली. ही बघून मला हमखास विचारतात ज्यू लोकांची तलवार आहे का. नाही हो, पातं चाचणीला उतरलं याची ती टिकली, आणि भोवती चांदणी शोभेला. पण खरा खजिना पुन्हा पाठीवर. १८५४ पासून विल्किन्सननं आपल्या चांगल्या पात्यांवर पाच हजारपासून पुढचे नंबर टाकले आणि प्रत्येक नंबर रजिस्टरमध्ये चढवला, आणि ती रजिस्टरं वाचली आहेत. पाठीवरचा आकडा जुळला तर कधीकधी त्या दिवशी दुकानात येऊन तलवार घेऊन गेलेल्या माणसाचं नाव हातात येतं. मग तो माणूस लष्कराच्या यादीत शोधायचा, कुठे गेला, परत आला का. कोरलेल्या मुकुटाकडे बघून हे जन्मात कळलं नसतं.

आता घरचं. मामांकडे, परभणीच्या बाजूला, देव्हाऱ्याच्या वर खुंटीला एक तलवार असते आणि तिची गोष्ट पानिपतची. मूठ आपली, लोखंडी, कटोरी असलेली, चांदीचा मुलामा कधीकाळी असावा. पातं मात्र मला पहिल्यापासून डाचत होतं. वाकडं, दोन्ही बाजूंना एकेक रुंद पन्हळ, आणि टोकाकडे निमुळतं होत जाण्याऐवजी उलट रुंद होत जातं, कोयत्यासारखं. हा आकार जगात ओळखू येतो, ब्रिटिश हलक्या घोडदळाचा १७९६ चा पॅटर्न, ले मार्चंट नावाच्या अधिकाऱ्यानं बर्मिंगहॅमच्या हेन्री ऑसबॉर्नबरोबर बसून ठरवलेला, प्रशियानंही १८११ मध्ये नक्कल केलेला.

आणि हे पातं मराठवाड्यात असणं हे नवल नाही. कॅप्टन नोलान म्हणून ब्रिटिश घोडदळाचा अधिकारी होता, तोच जो क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाला तो सुप्रसिद्ध घोळाचा हुकूम घेऊन गेला आणि त्याच दिवशी सुरुवातीलाच मेला, २५ ऑक्टोबर १८५४. त्यानं आदल्या वर्षी घोडदळाबद्दल लिहिताना निजामाच्या स्वारांची गोष्ट दिली आहे. या स्वारांनी असे घाव घातले होते की बघणारे थक्क झाले, आणि नोलाननं चौकशी केली की यांच्या तलवारी कुठल्या, तर उत्तर आलं की इंग्रजांनी टाकून दिलेलीच जुनी पाती. त्यांनी ती घेतली, आपल्या मुठी बसवल्या, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवली. इंग्रज शिपाई लोखंडी म्यानात घालायचा, उपसताना-घालताना धार मरायची. पातं तेच, सांभाळणारा वेगळा. बरं, हा आकार इंग्लंडमध्ये १८२१ नंतर मागे पडला तरी आपल्याकडच्या घोडदळाला तोच हवा असायचा, म्हणून बर्मिंगहॅमचे कारखाने हिंदुस्थानसाठी तशी पाती पुढेही बरीच वर्षं बनवत राहिले.

मामांची तलवार खाली घेतली तेव्हा मामी म्हणाल्या, "एवढं काय बघू लालास रे तिच्यात?" मी पाठीवर टॉर्च धरला. पातं चकचकीत, कारण दरवर्षी खंडेनवमीला आधी चिंच, मग राख, आणि अलीकडे एका उत्साही भाच्यानं काचकागद. काचकागद म्हणजे शिक्क्यांचा यमदूत. जे दोनशे वर्षांच्या गंजानं केलं नाही ते एका दुपारी होतं. बाजूला जिथे मुकुटाचा शिक्का असायला हवा तिथे नुसता एक उथळ खळगा उरलाय, बोटाला लागतो, डोळ्याला दिसत नाही. पण पाठ अरुंद, तिच्यावर काचकागद नीट चालत नाही, त्यामुळे तिथे वाचलं. मी पातळ ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीची आडवी शिस हळूहळू फिरवली. आपल्या मुठीचं लोखंड जिथे संपतं तिथून लगेच तीन अक्षरं उठली. ओ, आर, एन. सरकारी पद्धतीचे साधे ठसे, कडेला लोखंड किंचित वर आलेलं, म्हणजे पोलादाला पाणी देण्याआधी ठोकलेले. आधीची अक्षरं मुठीखाली. ऑसबॉर्न असणार हे मन सांगतं, पण मूठ लाखेनं, राळेनं बसवलेली आहे, ती तापवून काढायची म्हणजे एक जुनी गोष्ट मोडून दुसरी वाचायची, ते मी करू दिलं नाही. तीन अक्षरं आणि पात्याचा आकार एकमेकांना धरून आहेत, पुरे.

आपल्याकडचे कारकूनही कमी नव्हते बरं का. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवर ठिपक्याठिपक्यांनी देवनागरी अक्षरं ठोकलेली सापडतात, १६८९ मध्ये तिथल्या महाराजा अनूपसिंहानं दक्षिणेतली अदोनी घेतली तेव्हाची लूट, नोंद करून ठेवलेली. ते ठिपके कुणाला शोभेचे वाटणार नाहीत, पण आज जगभरच्या म्युझियमना त्या हत्याराचा पत्ता त्यावरूनच लागतो. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र सरकारनं ४७ लाख १५ हजारांना घेतलेली नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार घ्या. पातं युरोपातलं. कुठल्या गावचं यावर माणसं वाद घालतील. पण पाठीवर सोन्याच्या पाण्यानं देवनागरीत लिहिलंय "श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग", मालकाचं नाव, हुद्दा, आणि वस्तूचा प्रकार, संपलं. सोनं वापरलं तरी वळण जामदारखान्यातल्या नोंदीचंच. याउलट कोल्हापूरहून १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सला दिली गेलेली जगदंबा तलवार, तिच्या पात्याच्या पन्हळीत आयएचएस ही अक्षरं तीनदा आहेत, येशूच्या नावाची. इतकी पवित्र अक्षरं, पण ती स्पेनपासून जर्मनीपर्यंत कुणीही मारायचं, म्हणून ती बघून युरोप एवढंच म्हणता येतं.

नकली मालाबद्दल थोडक्यात सांगतो कारण फोटो पाठवणारे तेही विचारतात. खरा शिक्का ठोकलेला असतो, कडा तीक्ष्ण, खोली कमी-जास्त, एखादा तिरका. ओतीव किंवा ॲसिडनं केलेला सगळीकडे सारखा आणि मऊ. गंज शिक्क्याच्या आतही असायला हवा. बाहेर खड्डे आणि अक्षरांच्या आत गुळगुळीत असं दिसलं की हात आखडता घ्या. आणि झीज जिथे हात लागतो तिथे हवी, मुठीच्या तारा जशाच्या तशा आणि पाठीवरचं नाव मात्र पुसट असं होत नसतं. घरची असेल तर काचकागद बंद, हलका हात मशीन ऑइलचा, बस. शंभर वर्षांहून जुनी असली तर १९७२ च्या कायद्यानं ती पुरावस्तू होते आणि देशाबाहेर नेता येत नाही, हे मला "जर्मनीत विकून देशील का" म्हणणाऱ्यांसाठी.

मामांना मी सगळं सांगितलं. १७९६ चं डिझाइन १७६१ च्या पानिपतावर कसं असेल वगैरे, आकडेमोड करून. मामा बराच वेळ तो ट्रेसिंग पेपर उलटसुलट करून बघत बसले.

"म्हंजे विंग्रजाची निघाली ही."

"पातं, मामा. मूठ आपलीच आहे."

"ते ठीक हाय. पण मग पूजंला ठिवायची का न्हाई?"

मी काही बोलायच्या आत मामी आतून म्हणाल्या, "माझी शिलाई मशीन कुठली हाय? तिला लावतोच की हळदकुंकू."

मामांनी कागदाची घडी घातली, चष्म्याच्या डबीत ठेवली आणि मला विचारलं, मशीनचं तेल तलवारीला चालतं ना?

चालतं.